पहाडावरचं सावलीचं घर

तेव्हा कोण कोण होतं ते आधी सांगते. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. ते रेल्वेत इंजीन चालवायचे आणि त्याच वर्षी रिटायर झाले होते. सासूबाई. माझी नणंद कुसुम, सोळा-सतरा वर्षांची, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं. आमचे हे, वर्कशॉपात फिटर. शेजारचे तिवारीजी, मालगाडीचे गार्ड, आणि त्यांची बायको, तिला आम्ही सगळे भाभी म्हणायचो. आणि मी, लग्न होऊन फार दिवस न झालेली. एवढेच. त्यातलं माझ्याशिवाय आता कुणी नाही. म्हणून नावं घेतली. नाव घेतलं की माणूस जरा वेळ जवळ येऊन बसतं.

आता जेठ चाललाय, ज्येष्ठाचा महिना. झाशीत ओरछा गेटाजवळच्या आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा नालीत जाऊन पडतं. घरात कूलर घरघरतोय आणि माझी नातवंडं मोबाईल घेऊन पलंगावर आडवी झालीत. सगळ्यांनी मिळून पहाडावर जायचं ठरलंय. हॉटेल नको, पूरं घर पाहिजे, प्रायव्हेट. नेहा, माझी नात, एकेक घर काढते आणि मला दाखवते.

"आजी, ये देखो. पूरं लाकडाचं आहे. खिडकीतून बर्फ दिसतो."

मी चष्मा पुसून बघितलं. घर छान होतं. झाडांत अगदी लपलेलं.

"सकाळचं ऊन कुठून येतं गं?"

"फोटोत कसं कळणार ते?" ती हसली. "लोग व्यू देखते हैं, तुम्ही ऊन बघता. गर्मी से भागकर ही तो जा रहे हैं, आजी."

गर्मी से भागकर. मामंजी पण हेच म्हणाले होते.

मी हिंदी शाळेत तिसरीपर्यंत गेले. अक्षरं तीच म्हणून मराठी लिहिता येते, बोलते तशी लिहिते. त्या उन्हाळ्याचं कधी कुणाला सलग सांगितलं नाही. पण त्या दिवशी नेहाच्या मोबाईलमधलं ते झाडांतलं घर बघितलं आणि नाकात एकदम ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. कूलरसमोर बसलेली मी, आणि वास धुराचा.

कुसुमला होळीच्या सुमाराला ताप यायला लागला होता. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं, मग खोकला. दवाखान्यात छातीत पाणी झालंय म्हणाले, सुईनं काढलं. तिनं तोंडातून आवाज काढला नाही, माझा हात मात्र असा दाबला होता की बांगडी वाकली. एक म्हातारे बंगाली डॉक्टर बघायला यायचे. त्यांनी मामंजींना दारात बाजूला घेतलं. मी ओट्यावर पोहे निवडत होते, सगळं ऐकू आलं. "पहाड़ पर ले जाइए. सूखी हवा, धूप, दूध, आराम. गर्मी यहीं निकाली तो लड़की हाथ से जाएगी."

मामंजी आत आले आणि सासूबाईंना म्हणाले, "थंड हवेत न्यायला सांगितलंय."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांना तेवढंच ऐकू आलं असणार. त्या माणसाचं आयुष्य भट्टीसमोर गेलेलं. पुढून इंजिनाची आग, वरून ऊन, लोखंड असं तापलेलं की हात लावता येत नाही. ड्यूटीवरून यायचे तेव्हा डोळे लालबुंद आणि गळ्यातला गमछा घामाच्या मिठानं कडक झालेला. दारात आले की आधी पाणी नाही मागायचे. माजघरात जाऊन दगडी फरशीवर पाठ टेकून पडायचे, डोळे मिटायचे. जगात खरी चैन कुठली असेल तर ती सावली, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर ते आम्हा सगळ्यांच्याच अंगात मुरलेलं होतं. झाशीच्या उन्हाळ्यात घर म्हणजे काय, तर ऊन बाहेर ठेवायची युक्ती. सकाळी पश्चिमेच्या पडवीत खाट. ऊन पडवीत आलं की खाट आत. दुपारी दारं लावून, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीवर पाणी मारून अंधारात बसायचं. संध्याकाळी अंगण शिंपून खाट पुन्हा बाहेर. दिवसभर मामंजींचा आवाज: "खाट सरकवा रे, ऊन आलं." ते घरी असले की आम्ही नुसत्या खाटाच सरकवत असायचो. सासूबाई म्हणायच्या, "इंजीन सुटलं, आता आम्हाला शंटिंगला घेतलंय."

रेल्वेचं विश्रामगृह होतं पहाडावर, पण ते सीझनमध्ये साहेब लोकांना मिळायचं. ह्यांनी चौकशी केली, मग म्हणाले, "आपल्याला प्रायव्हेटच बघावं लागेल. इंग्रज गेले तेव्हापासून तिकडच्या कोठ्या भाड्यानं देतात म्हणे." एकट्याला पूरी कोठी जड जाणार, म्हणून तिवारीजींना विचारलं. तिवारीजींना हवा खायची नव्हती, पण भाभीनं जन्मात पहाड बघितला नव्हता. माहेर मऊरानीपुरचं, सासर झाशीचं, दोन्ही ठिकाणी सारखीच धूळ. तिनं नवऱ्याला सांगितलं, "पास धरो-धरो सड़ रओ है. ई दफे तौ हम जैहैं." म्हणजे रेल्वेचा पास नुसता पडून सडतोय, यंदा मी जाणारच. तिवारीजी कुठं नाही म्हणतात.

तो प्रवास आठवला की अजून हसू येतं. आग्र्यापर्यंत मोठी लाइन, पुढं छोटी. मामंजी पहिल्यांदाच पॅसेंजर म्हणून एवढ्या लांब चालले होते आणि त्यांना गादीवर बसवत नव्हतं. गाडी थांबली की म्हणायचे, "ब्रेक बघा कसा मारला. पाण्याचा गिलास ठेवला असता तर सांडला असता." तिवारीजी म्हणायचे, "मामाजी, अब आप सवारी हो. सवारी को बोलने का हुकुम नईं है." कुसुम खिडकीशी टेकून हसायची, हसता हसता खोकायची, आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. मग तीच म्हणायची, "काय झालं? गाडी का थांबली?" आणि पुन्हा हसायची. अशी होती ती.

चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची, माझ्याहून लहान असली तरी. दोघीच असलो की नुसतं कुसुम.

पहाडाच्या पायथ्याशी, काठगोदामला, रूळ संपतात. मामंजी खाली उतरून इंजिनापर्यंत चालत गेले आणि रूळ जिथं संपतात तिथं थोडा वेळ उभे राहिले. मग आम्ही बसनं वर गेलो. भाभीला वळणावळणाला उलटी झाली, पण प्रत्येक उलटीनंतर ती डोकं वर करून बाहेर बघायची नि म्हणायची, "बड़ो नौनो है." नौनो म्हणजे छान. भवालीच्या जवळचं एक छोटं गाव होतं, चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं, टेकडीवर पसरलेली घरं. रात्र धर्मशाळेत काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घर निवडायला निघालो. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक चौकीदार पुढं, आम्ही मागं. कुसुमला डोलीत बसवायचं म्हणाले तर तिनं ऐकलं नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालली.

पहिलं घर उंचावर होतं. लाल पत्र्याचं छप्पर, पुढं काचेची पडवी, चार पायऱ्या, आणि सगळीकडं ऊन. अंगणात ऊन, पायऱ्यांवर ऊन, खोलीत शिरलं तर पलंगावर ऊन. मामंजींनी भिंतीवर तळहात ठेवला. झाशीत आम्ही घर असंच बघतो, भिंतीला हात लावून. हात त्यांनी लगेच काढला.

"तवा आहे हा," म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "माठ ठेवायला कुठं गार कोपराच नाही." तिवारीजींनी पश्चिमेची भिंत कुठली ते विचारलं आणि मान हलवली. भाभी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ई में तौ भुट्टा घाईं भुंज जैहैं." मक्याच्या कणसासारखे भाजून निघू.

आम्ही आत असताना कुसुम बाहेर पायरीवर बसली होती. पाय लांब केलेले, चपला काढलेल्या, पाठ खांबाला टेकलेली. चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले. मी बोलवायला गेले.

"चला, दुसरं बघायचंय."

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "वहिनी, इथं बरं वाटतं गं. छातीवर कुणी गरम कपडा ठेवल्यासारखं."

मी आत जाऊन सासूबाईंच्या कानाशी सांगितलं. मामंजींशी तेव्हा मी सरळ बोलत नव्हते, सुना बोलत नसत. सासूबाई म्हणाल्या, "उन्हातच बसायचं तर झाशी काय वाईट होती?" त्या रागानं नाही म्हणाल्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

दुसरं घर बाजारात, वरच्या मजल्यावर. शेजारी खाटकाचं दुकान दिसलं, सासूबाई पायरीवरूनच मागं फिरल्या. त्या घराची गोष्ट तेवढीच.

तिसरं घर खालच्या घळीत होतं. पूर्वेला टेकडी, डोक्यावर मोठाली दाट झाडं, मागं झऱ्याचं पाणी वाहत होतं. दगडाच्या हात-हात जाडीच्या भिंती. दार उघडलं आणि आतून गार हवा अंगावर आली, तळघराचं झाकण उघडल्यासारखी. आम्ही सगळे चढ-उतार करून घामाघूम झालेलो. भाभी तर सरळ फरशीवर आडवी झाली. सासूबाईंनी कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाल्या, "इथं माठ." मामंजींनी भिंतीवर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिले. चेहऱ्यावर असं सुख मी त्यांच्या कधी बघितलं नव्हतं.

"हेच," म्हणाले. "माझी पोर इथं बरी होईल. जन्मभर मी जे मागितलं ते हे."

त्यांना पोरीला सगळ्यात चांगलं द्यायचं होतं. म्हणून त्यांनी तिला स्वतःला हवं होतं ते दिलं. आम्ही पण सगळे हो म्हणालो, खुशीनं म्हणालो. कुसुम दारात उभी होती, पदर खांद्यावर ओढून घेतलेला. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनं पण काही म्हटलं नाही. आजारी माणसाला वाटतं, आधीच आपल्यापायी सगळे एवढे दमलेत.

सीझनचं भाडं आगाऊ दिलं, ह्यांनी सामान लावून दिलं आणि ड्यूटीवर परत गेले.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. पहाटे पाखरांचा आवाज, झऱ्याचा आवाज. तिवारीजी बाजारातून दूध आणायचे. बायका पानाच्या द्रोणात काफळ विकायला आणायच्या, लालचुटूक, बोराएवढी छोटी फळं, वर मीठ. आंबट म्हणून कुसुमला मनाई होती. मी पदरात लपवून थोडी द्यायची. ती एकेक तोंडात ठेवून बी बराच वेळ चघळत बसायची आणि मला म्हणायची, "झाशीला गेलं की बी पेरू. भट्टीत उगवलं तर उगवलं."

मग कपडे वाळेनात.

आधी गंमत वाटली. झाशीत लुगडं दोरीवर टाकून पाठ फिरवली की वाळतं. इथं आज धुतलेलं उद्या ओलं, परवा दमट, त्याच्या पुढच्या दिवशी वास मारायचं. सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं वाळेचना आणि ओलेत्यानं स्वयंपाक करून त्यांना शिंका लागल्या. सकाळचं ऊन टेकडीच्या पलीकडं अडायचं, दुपारी झाडांत अडायचं, आणि झाडं ओलांडून यायच्या वेळेला ढग यायचे. चुलीचं लाकूड ओलं, अंगीठीचं लाकूड ओलं, घरात नुसता धूर. पायरीवर शेवाळ. गाद्या हाताला गार लागायच्या. भाभी म्हणाली, "ई घर में तौ हड्डियन लौं सील चढ़ गई." हाडांपर्यंत ओल गेली.

कुसुमचा संध्याकाळचा ताप परत आला. कुणी बोलून दाखवलं नाही. दूध वाढवलं, लेप लावला, खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्यावर धूर आणखी कोंडला.

कपडे वाळवायला म्हणून मी आणि भाभी एक दिवस पिळे घेऊन त्या उंचावरच्या घरी गेलो. ते अजून रिकामंच होतं. कुसुम म्हणाली मी पण येते. तिथं पोचायला तिला बराच वेळ लागला, पण पोचली आणि त्याच पायरीवर बसली, तशीच पाय लांब करून. आम्ही कठड्यावर लुगडी पसरली. ती म्हणाली, "मलाही पसर गं कठड्यावर. मी पण दमट झालेय."

मग रोजच जायला लागलो. घरी सांगायचं कपडे वाळवायला. तिथं कुसुम झोपायची सुद्धा, उन्हात, तोंडावर पदर घेऊन. खोकला कमी व्हायचा. तिथं बसून तिनं मला किती काय काय सांगितलं. तिला शिक्षिका व्हायचं होतं. लग्न नको म्हणायची, मग थोड्या वेळानं म्हणायची, झालं तर मोठ्या स्टेशनावर राहणाऱ्याशी व्हावं, रोज नव्या गाड्या दिसतील. आम्ही तिघी कधी कधी काही बोलायचोच नाही. भाभी घोरायची. लुगडी वाऱ्यानं फडफडायची. माझ्या आयुष्यात एवढं रिकामं बसणं पुन्हा कधी आलं नाही.

मग एक दिवस गेलो तर फाटकाशी ट्रंका उतरत होत्या. लखनऊचं एक कुटुंब आलं होतं, मुलंबाळं बरोबर. त्यातल्या बाई चांगल्या बोलल्या. कुसुमला बसा म्हणाल्या. ती फाटकाजवळच बसली आणि तिला खोकला आला, थांबेचना. बाईंनी धाकट्या मुलाला मागं ओढलं. आवाज हळू होता, हात जोडलेले होते. "बुरा मत मानिएगा. घर में बच्चे हैं."

कुसुम उठली. "नहीं नहीं, हमें जाना ही था," म्हणाली. उतरताना वाटेत माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी असते तर मी पण तेच म्हटलं असतं."

घरी आल्यावर भाभीला राहवलं नाही. तिनं मामंजींना सगळं सांगितलं, कपड्यांचं, पायरीचं, फाटकाचं. बुंदेलीत, रडत, एका दमात. मामंजी ऐकत उभे राहिले. मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसा. आणि काढला. धोतराला पुसला. हात ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल फुंकत होते, तर बाहेरून त्यांचा आवाज. "खाट उचला."

घराच्या वर, रस्त्याच्या वळणावर, जिथं झाडं तोडलेली होती तिथं सकाळचं थोडं ऊन पडायचं. त्यांनी जाऊन शोधून ठेवलं होतं. एका बाजूनं तिवारीजी, एका बाजूनं मामंजी, आणि मागं मी नि भाभी, अशी खाट वर नेली. कुसुमला झोपवलं. ऊन पुढं सरकलं की मामंजी उठायचे. "खाट सरकवा, ऊन गेलं." झाशीत जन्मभर उलटं ओरडलेला माणूस. तिवारीजी गमछा हिरव्या झेंडीसारखा हलवायचे आणि तोंडानं शिटी द्यायचे, तेव्हा आम्ही खाट उचलायची. जाणारी-येणारी माणसं थांबून बघायची. कुसुम खाटेवरून हात हलवायची, डब्याच्या खिडकीतून हलवतात तसा. "पुढलं स्टेशन कुठलं, बाबा?" विचारायची. मामंजी म्हणायचे, "त्या दगडापाशी." मान तिच्याकडं न करता म्हणायचे.

दुपारपर्यंत आम्ही दगडापासून नळापर्यंत, नळापासून वळणाच्या कठड्यापर्यंत असे जायचो. मग ऊन संपायचं आणि पुन्हा त्या गार घरात. मामंजी सबंध सकाळ स्वतः उन्हात उभे राहायचे. छत्री आणलेली होती, ती घेतली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर हे न्यायला आले. कुसुमच्या गालांवर थोडा रंग आला होता. ती सगळी रस्त्यावरच्या उन्हाची कमाई. ह्यांना वाटलं, घर मानवलं. कुणी काही सांगितलं नाही. काफळाच्या बिया तिनं रुमालात बांधून आणल्या आणि अंगणात पेरल्या. त्या काही उगवल्या नाहीत.

कुसुम त्याच थंडीत गेली, संक्रांतीच्या आधी. घरामुळं गेली असं मी म्हणत नाही. तो आजारच तसा होता आणि औषधं तेव्हा अशी हाताशी नव्हती. त्या उंचावरच्या घरात राहिली असती तर वाचली असती का, ते कुणाला सांगता येणार? पण तो सबंध सीझन तिला उबेत बसता आलं असतं, एवढं तर नक्की. फाटकावरून उठावं लागलं नसतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी मी अंगणात मटर सोलत बसले होते. मामंजी उन्हात खुर्चीवर. आमच्यात बोलायची रीत नव्हती हे सांगितलंच. पण ते एकदम म्हणाले, "सूनबाई, त्या पहिल्या घराच्या पायरीवर कुसुम बसली होती. काही म्हणाली होती का?"

मी परातीकडं बघत म्हटलं, "म्हणाली होती. इथं बरं वाटतं म्हणाली."

त्यांनी परातीतली एक शेंग घेतली, सोलली, दाणे परत परातीत टाकले. मग म्हणाले, "नेलं तिच्यासाठी, आणि विचारलं बाकी सगळ्यांना."

पुन्हा त्या उन्हाळ्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. पण एक झालं. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी खोलीत जायच्या आधी ते दाराबाहेर येऊन उभे राहिले, तोंड दुसरीकडं करून. म्हणाले, "खाट कुठं टाकायची ते हिला विचारा." सासूबाई म्हणाल्या, "तिला काय विचारायचंय, बाळंतिणीची खाट नेहमी कोपऱ्यात असते." ते म्हणाले, "विचारा." त्या घरात आल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "खिडकीशी." आणि खाट खिडकीशी आली. मग ती आमच्या घराची रीतच झाली. कुणी आजारी पडलं, पाहुणा आला, पोरगं तापलं, की आधी त्याला विचारायचं, तुझी खाट कुठं टाकू. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात मी विचारलं. ह्यांच्या वेळेला विचारलं. हे म्हणाले होते, "जिथून तुझी चूल दिसेल तिथं."

आता खाटा सरकत नाहीत. पलंग जड आहेत, कूलर एकाच खिडकीत बसलेला आहे. रीत कधी सुटली ते मला पण कळलं नाही.

नेहानं शेवटी तेच झाडांतलं घर नक्की करायला घेतलं. सगळे ओरडून हो म्हणत होते. सुधा, माझी सून, नेहाची आई, स्वयंपाकघराच्या दारात भेंडी चिरत बसली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस नाही झाले. सगळे म्हणतात, मम्मी को आराम मिलेगा, म्हणूनच तर चाललोय.

मी म्हटलं, "सुधाला विचारलं का?"

"मम्मी को क्या पूछना, आजी? मम्मी को तो सब चलता है."

"विचार."

नेहानं मान वळवली. "मम्मी? चलेगा ना?"

सुधानं विळीवरची भेंडी बाजूला केली. मग अगदी हळू म्हणाली, "झोपायची खोली खाली असती तर बरं झालं असतं. वो सीढ़ी फोटो में दिख रही है ना, तिथं दोन वेळा चढणं मला नाही होणार. मग मी खालीच बसेन दिवसभर. तुम्ही जा वर."

नेहानं फोटो मोठा करून बघितला, जिना खरंच होता. मग तिनं ते घर काढून टाकलं आणि आईच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. आता दोघी मिळून बघतायत. मला हिंदी-मराठी दोन्हीतलं कुजबुजणं ऐकू येतंय. सुधा म्हणतेय, "हे बघ, ह्याला पुढं अंगण आहे."

मला कुठं बसायला आवडेल ते त्या विचारतील तेव्हा सांगेन.

हे जो कुणी वाचत असेल, त्याच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. कुठं घर बघायला गेलात, पहाडावर किंवा आणखी कुठं, तर ज्याच्यासाठी चाललाय त्याला पण बरोबर आत न्या. तो पायरीवरच बसून राहिला तर त्याच्याशेजारी जरा वेळ बसा. आणि विचारा. तो हळू बोलेल, तर जवळ जाऊन ऐका.